लकव्यानंतर अंथरुणाला खिळलेल्या वडिलांसाठी ठाणे-नवी मुंबईत केअर सेंटर कसं निवडावं?

तुम्ही लिहिलंय त्यानुसार वडील ७८ वर्षांचे, डावी बाजू गेलेली, नाकातून नळी, लघवीला कॅथेटर आणि आठवड्याभरात डिस्चार्ज. अशा पेशंटसाठी बाग, भजन आणि वाढदिवसाचे फोटो बघून जागा ठरवू नका. चालत्याफिरत्या आजी-आजोबांसाठी ते ठीक आहे. तुमच्या बाबतीत पहिला प्रश्न एकच: रात्री दोन वाजता तिथे कोण जागं असतं?

'चोवीस तास नर्सिंग' सगळेच सांगतात. नेमकं विचारा, रात्रपाळीला जीएनएम किंवा एएनएम (हे नर्सिंगचे कोर्स) झालेली सिस्टर प्रत्यक्ष त्याच इमारतीत असते का, की फक्त मावशी आणि फोनवर डॉक्टर? एका मावशीकडे किती पेशंट, त्यातले पूर्ण झोपून असलेले किती? दिवसा एकीकडे चार पेशंटपर्यंत चालवून घेता येतं. त्याहून जास्त असतील तर कूस बदलणं कागदावरच होतं.

आणि कूस बदलणं हाच इथला खरा कळीचा मुद्दा. झोपून असलेल्या माणसाला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं. नाहीतर माकडहाड, कंबरेची हाडं आणि टाचा इथे दाब पडून रक्तपुरवठा थांबतो आणि बेडसोर, म्हणजे दाबाची जखम, होते. सुरुवात नुसत्या लालीने होते; बोटाने दाबल्यावर लाली फिकी पडली नाही की समजायचं, जखम सुरू झाली. एअर मॅट्रेस असली तरी वळवावं लागतंच. गादीचा पंप चालू आहे का, तेही बघा. आवाज होतो किंवा प्लग दुसऱ्याला हवा म्हणून तो सर्रास बंद असतो. माकडहाडाच्या खाली, गादीच्या तळाशी हात घाला: हाड हाताला टेकत असेल तर हवा कमी आहे. टाचा अधांतरी राहाव्यात म्हणून उशी पोटरीखाली हवी, टाचेखाली नको.

भेटीला जाल तेव्हा पोझिशन चार्ट, म्हणजे कूस कधी बदलली त्याच्या नोंदींचा तक्ता, मागा. सकाळी अकराला गेलात आणि त्यात दुपारी चारची नोंद आधीच सही करून ठेवलेली दिसली, तर चहासुद्धा न घेता निघा.

दुसरा मुद्दा नाकातल्या नळीचा. जेवणाच्या वेळी जा आणि कुणालातरी नळीतून भरवताना बघा. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी आणि नंतर निदान अर्धा तास तशीच राहायला हवी. सिरिंजचा दट्ट्या जोरात दाबून पेज ढकलत असतील तर ते चूक. सिरिंज उंच धरून आपोआप उतरू द्यायची. भरवण्याआधी नाकापाशी नळीवरची खूण तपासतात का? नळी सरकलेली असताना भरवलं तर अन्न फुप्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. कॅथेटरची पिशवी मूत्राशयाच्या खाली टांगलेली, पण जमिनीला न टेकलेली हवी.

तिथल्या बाकीच्या पेशंटची नखं, तोंड, कानामागची बाजू बघा. लघवीचा वास वाईटच, पण भरदुपारी फिनेलचा भपकारा येत असेल तर तोही शंकास्पद.

कागदपत्रांत वेळ कमी घालवा, पण घालवा. नर्सिंगची सेवा देत असतील तर महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखालचं महापालिकेचं प्रमाणपत्र, त्यावरची मुदत आणि फायर एनओसी दाखवायला सांगा. रो-हाउसमध्ये चालणारी केंद्रं बरीच आहेत. तिथे जिन्यातून स्ट्रेचर वळतं का ते स्वतः बघा. दुसऱ्या मजल्यावरून चादरीच्या झोळीत पेशंट उतरवणं धोक्याचं आहे. तब्येत बिघडली तर कुठल्या हॉस्पिटलात नेणार, सोबत कोण जाणार, तुम्ही पोचेपर्यंत डिपॉझिट कोण भरणार, हे लिहून घ्या.

पैशांत फसगत होते ती 'एक्स्ट्रा'मध्ये. डायपर दिवसाला चार-पाच म्हणजे महिन्याला १२०-१५०. ते स्वतः आणून देता येतात का विचारा (झोपून असलेल्यांना पँट प्रकार नको, टेपवाले घ्या). ग्लोव्ह्ज, कॅथेटर बदलणं, फिजिओ, डॉक्टरांची व्हिजिट, ऑक्सिजन हे वेगळं लावतात. हॉस्पिटलात भरती असतानाचे दिवस बिलात धरतात का आणि अनामत किती दिवसांत परत, हेही करारात हवं. ७० वर्षं आणि त्यावरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड (सरकारी आरोग्य योजनेचं) काढून ठेवा, पण ते योजनेतल्या हॉस्पिटलात भरती झाल्यावर कामाचं. केअर सेंटरच्या महिन्याच्या बिलाला नाही.

जागेबद्दल माझं मत ठाम आहे. कर्जत-बदलापूरकडे स्वस्त आणि हवेशीर मिळेल, पण तुम्ही घोडबंदरला, बहीण ऐरोलीला. आठवड्यातून दोनदा, न सांगता जाता येईल अशीच जागा घ्या. ट्रान्स-हार्बर लोकलच्या स्टेशनजवळ असेल तर ट्रॅफिकचं निमित्त उरत नाही. 'भेटीची वेळ फक्त रविवारी चार ते सहा' म्हणणारं केंद्र यादीतून काढा.

दाखल करताना सिस्टरसमोर पाठ, कंबर, टाचा यांचे तारखेसह फोटो काढा आणि नोंदीवर दोघांच्या सह्या घ्या. नाहीतर पुढे बेडसोर निघाला की केंद्र म्हणतं हॉस्पिटलातून आला. झोपेची गोळी तुम्हाला विचारल्याशिवाय द्यायची नाही, हेही त्याच कागदावर लिहा. पहिले पंधरा दिवस ट्रायल ठरवून घ्या आणि त्यातली एक भेट रात्री साडेनऊनंतरची ठेवा.