रग्बी लीगचा खेळाडू निवृत्तीनंतर मुख्य कोच कसा होतो? मोठं नाव असलं की लगेच संघ मिळतो का?

मिळतो. निभावणं वेगळं. "मोठं नाव हवं, पोरं त्यालाच मानतात" हे वाक्य मेलबर्नमध्ये दर सप्टेंबरला ऐकू येतं आणि मला ते अजिबात पटत नाही, म्हणून लिहितोय. (तुम्ही १३ जणांच्या लीगबद्दलच विचारताय असं धरतो, जिथे सहा टॅकल झाल्या की बॉल समोरच्या संघाला जातो. १५ जणांची रग्बी युनियन हा वेगळा खेळ.)

दोन माणसं घ्या, दोघंही ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरा रेडर्स क्लबचे. एक मॅल मेनिंगा. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार, कॅनबेराच्या तिन्ही विजेतेपदांत होता. १९९४ ला थांबला आणि १९९७ ला थेट त्याच क्लबचा मुख्य कोच झाला. पाच हंगामांत संघ एकदाही अंतिम सामन्यापर्यंत गेला नाही. दुसरा क्रेग बेलामी. १९८२ ते १९९२ खेळला, दीडशेच्या आसपास सामने, देशाकडून एकही कसोटी नाही. खेळणं संपल्यावर आधी कॅनबेरातच पडेल ते प्रशिक्षणाचं काम केलं, मग १९९८ पासून पाच वर्षं ब्रिस्बेनमध्ये वेन बेनेटच्या हाताखाली सहायक. २००२ मध्ये बेनेट आणि मोठे खेळाडू क्वीन्सलँड राज्याच्या संघाच्या कामाला गेलेले असताना याने नवख्या पोरांना घेऊन वेस्ट्स टायगर्सना २८-१४ हरवलं. २००३ ला मेलबर्न स्टॉर्मचा मुख्य कोच झाला तो आजतागायत. म्हणजे बूट काढल्यापासून खुर्ची मिळेपर्यंत दहा वर्षं.

या दहा वर्षांत माणूस शिकतो काय? प्रेक्षकाला जे दिसतच नाही ते. टॅकल झाल्यापासून बॉल पुन्हा खेळात येईपर्यंतचे साडेतीनेक सेकंद. सामना तिथे जिंकला जातो.

बॉल घेऊन आलेल्या गड्याला तिघांनी धरायचं असतं. पहिला छातीवर येतो. त्याचं काम बॉल हातातच अडकवून गड्याला उभा ठेवणं, पाडणं नव्हे. नवशिका इथेच चुकतो. एकटाच पायांत शिरतो आणि झटक्यात आडवा करतो. दिसायला टॅकल झकास, पण तो गडी पोटावर पडतो, तोंड पुढे करून. हात टेकून उठला, टाचेने बॉल मागे सारला, खेळ सुरू. बचावाच्या फळीला १० मीटर मागे जायचं असतं. ती अजून मागे सरतेय तोवर डमी हाफ, म्हणजे मागे सारलेला बॉल उचलणारा गडी, बॉल घेऊन पळालेला असतो. म्हणून दुसरा कमरेत शिरतो, डोकं गड्याच्या बाजूला ठेवून, आणि त्याला असा फिरवतो की तो पाठीवरच पडेल. पाठीवर पडलेल्याला आधी वळावं लागतं, मग उठायचं. तेवढ्यात फळी जागेवर येते. तिसरा मांड्या आवळतो. यात घाई झाली, समोरच्याच्या पोटरीवर अंग टाकलं, तर घोटा किंवा गुडघा जातो आणि टॅकल करणाऱ्यावर बंदी येते.

सुटायचाही क्रम असतो. पायावरचा आधी सुटून उभा राहतो, छातीवरचा शेवटी. उलटं झालं की दोघं एकमेकांत अडकतात, मार्करची, म्हणजे बॉल मागे सारणाऱ्याच्या अगदी समोर उभा राहणाऱ्या बचावाच्या गड्याची, जागा रिकामी राहते आणि डमी हाफ तिथूनच घुसतो. आणि जास्त धरून ठेवलं तर २०२० पासून रेफरी हल्ला करणाऱ्यांना पुन्हा सहा टॅकल देतो. कबड्डी खेळलेल्याला हे सांगावं लागत नाही. साखळीतल्या एकाने आधी झेप घेतली की चढाई करणारा दोघांच्या मधून निसटतो. बेलामीने यासाठी कुस्ती आणि जिउजित्सूचा माणूस संघात आणला. हे नुसतं नावावर शिकवता येत नाही. सहायक असताना शेकडो तास व्हिडिओ थांबवून थांबवून बघितलेला असावा लागतो.

स्वतः करून बघा. स्टॉपवॉच घ्या, रेफरी "हेल्ड" (टॅकल पूर्ण) म्हणाला की सुरू, टाचेखालून बॉल गेला की बंद. तीनच्या आत येत असेल तर हल्ल्याचं चाललंय, चारच्या वर गेलं तर बचावाचं. अर्धा सामना असा बघितलात की स्कोअर न बघता कोण वरचढ आहे ते सांगाल.

बाकी कामं थोडक्यात. ऐंशी मिनिटांत आठच बदल्या मिळतात. पुढच्या फळीतले जाडजूड गडी वीस-पंचवीस मिनिटांत दमतात, त्यांना काढून पुन्हा घालण्यातच बहुतेक बदल्या जातात. सुरुवातीलाच दोन जण जखमी झाले की सगळं गणित कोलमडतं.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मेनिंगावर अन्याय होईल. ओरिजिन म्हणजे क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांच्या संघांची दरवर्षीची मालिका. २००६ पासून तो क्वीन्सलँडचा ओरिजिन कोच झाला आणि सलग आठ मालिका जिंकला. त्यातल्या २००८, २००९ आणि २०१० च्या मालिकांत समोर न्यू साउथ वेल्सचा कोच कोण होता? बेलामी. तिन्ही हरला, आणि तेही स्मिथ, स्लेटर, इंग्लिस अशा त्यानेच मेलबर्नमध्ये घडवलेल्या पोरांकडून. ओरिजिनमध्ये वर्षाला तीन सामने, खेळाडू तयार मिळतात, टॅकल शिकवायला वेळच नसतो. तिथे मेनिंगाच्या एका शब्दाला वजन होतं. तेव्हा नाव उपयोगी पडतं, पण तिथे. क्लबात बावीस वर्षांच्या पोराचे पाय कुठे पडतात ते बघावं लागतं. आणखी एक: स्टॉर्मची २००७ आणि २००९ ची विजेतेपदं क्लबने पगारमर्यादा मोडल्यामुळे काढून घेतली गेली. मी बेलामीची २०१२, २०१७ आणि २०२० हीच मोजतो.

तरी कोच कसा घडतो हे बघायचं तर मायकेल मॅग्वायर बघा. कॅनबेरा आणि ॲडलेडकडून मोजके सामने खेळला, मग बेलामीचा सहायक. २०१० ला विगनला इंग्लंडची सुपर लीग जिंकून दिली, २०१४ ला साउथ सिडनीची ४३ वर्षांची प्रतीक्षा संपवली. ऑस्ट्रेलियातल्या लीगचा २०२५ चा अंतिम सामना त्याच्या ब्रिस्बेनने २६-२२ असा जिंकला. समोर मेलबर्न होतं, आणि मेलबर्नचा कोच बेलामीच.