डमरूसारखी मधे बारीक असलेली वाद्यं भारताबाहेरही आहेत का? आणि त्यांची कंबर बारीक कशासाठी ठेवतात?

आहेत, आणि पुष्कळ आहेत. पण आधी कंबरेचं सांगतो, कारण सगळी कळ तिथेच आहे.

तुम्ही नागपूरचे असाल, तर महाशिवरात्रीला तेलंगखेडीच्या जत्रेतून एक डमरू घ्या. दोन्ही पुड्या, म्हणजे तोंडांवरची कातडी, एकाच दोरीने नागमोडी ओवून एकमेकींना बांधलेल्या दिसतील. कंबर बारीक असल्यामुळे मधल्या भागात ही दोरी लाकडाला न टेकता मोकळी राहते. तिथे मुठीत आवळून वाजवा, आवाज चढतो. सैल सोडा, उतरतो. दोरी आत ओढली गेली की दोन्ही कातडी एकदम ताणली जातात. ताण चौपट झाला तर स्वर सप्तकभर वर जातो, म्हणून हाताच्या थोड्या जोरानेही फरक कळतो.

नायजेरियातल्या योरुबा लोकांचा दुंदुन याच युक्तीवर बोलतो, अगदी शब्दशः. तो काखेत धरून दंडाने दोऱ्या दाबतात आणि वाकड्या काठीने वाजवतात. योरुबा भाषेत स्वराच्या चढ-उताराने अर्थ बदलतो. त्यामुळे वादक तेच चढ-उतार काढून म्हणी आणि माणसांची नावं वाजवतो, आणि ऐकणाऱ्यांना ती कळतात. मला यापेक्षा थोर वाद्यविद्या माहीत नाही. सेनेगलचा तामा याच घराण्यातला.

जपानच्या नोह नाट्यात अशी दोन वाद्यं असतात. खांद्यावरच्या कोत्सुझुमीला ओलावा लागतो, वादक कातड्यावर चक्क फुंकर घालतो. मांडीवरच्या ओत्सुझुमीचं कातडं मात्र प्रयोगाआधी निखाऱ्यावर कोरडं करतात. आपल्याकडे पावसाळ्यात पुडी सैल पडते, तेव्हा हे लगेच पटेल.

मात्र बारीक कंबर म्हणजे दोरी आवळणं आलंच, असं नाही. पापुआ न्यू गिनीच्या कुंडूला कातडं एकाच तोंडाला असतं, बहुधा घोरपडीच्या जातीच्या प्राण्याचं. त्यावर मेणाच्या गोळ्या चिकटवून स्वर लावतात. त्या देशाच्या राष्ट्रचिन्हातही कुंडू आहे. कोरियाचा जांगूही वाजवताना आवळत नाहीत.

आपल्या देशातही तमिळ उडुक्कै आणि कुमाऊँचा हुडका आहेतच. विदर्भातल्या डहाक्याच्या गाण्यांना साथ करणारी डाकही डमरूच्याच घडणीची, आणि ती वाजवणाऱ्या म्हाताऱ्यांचं रेकॉर्डिंग आताच व्हायला हवं, असं मला फार वाटतं.

ऐकायला सुरुवात केरळच्या इडक्क्यापासून करा. डाव्या हाताने दोऱ्यांचा ताण बदलत वादक त्यावर चक्क राग वाजवतात. दुंदुन त्यानंतर ऐका.