ऑपेरा शिकलेल्या मुलीला पॉप गायचंय

प्रश्न : मुलगी सहा वर्षं पाश्चात्त्य शास्त्रीय गायन शिकली आहे, आवाज सोप्रानो (स्त्रियांचा सर्वांत उंच आवाज). आता म्युझिकल थिएटर आणि पॉपही गायचं म्हणते. तिच्या बाई म्हणतात, गळा बिघडेल. आम्ही तिला काय सांगावं?

उत्तर : सांगण्याआधी तिला एक विचारा. आवाज तोच ठेवून फक्त गाणी बदलायची आहेत, की आवाजच वेगळ्या रीतीने लावायचा आहे? या दोन वेगळ्या वाटा आहेत आणि बहुतेक घोळ त्या एकच समजल्याने होतात.

पहिल्या वाटेचं उदाहरण म्हणजे फिनलंडची टार्या तुरुनेन. 1996 ते 2005 ती नाइटविश या मेटल बँडची गायिका होती. आजूबाजूला इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम, पण तिने लावलेला आवाज ऑपेराच्या वळणाचा. या वाटेवर गळ्याला फारसं नवं शिकावं लागत नाही, मायक्रोफोन मात्र शिकावा लागतो.

दुसऱ्या वाटेवर ऑड्रा मॅकडोनल्ड. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड या संगीतशाळेत शास्त्रीय गायन शिकून 1993 मध्ये बाहेर पडल्या, तिथल्याच ब्रॉडवेच्या रंगभूमीवर सहा टोनी हे नाट्यपुरस्कार मिळवले आणि 2006 मध्ये ह्यूस्टन ग्रँड ऑपेरात गायल्याही. रेने फ्लेमिंग यांनी ऑपेरात नाव झाल्यावर 2010 मध्ये रॉक गाण्यांचा अल्बम केला आणि त्यात नेहमीपेक्षा कितीतरी खालच्या सुरांत गायल्या. म्हणजे परतीचा रस्ता बंद होत नाही. बाईंची भीती मात्र अगदीच खोटी नाही. गळा बिघडतो तो पॉपमुळे नव्हे, शास्त्रीय पद्धतीचाच आवाज नुसता जोर लावून पॉपमध्ये ढकलल्याने.

हार्मोनियम समोर घ्या. मधल्या सप्तकातली पांढरी तीन ते वरची पांढरी एक, एवढ्या सहा पांढऱ्या पट्ट्यांत सगळा खेळ आहे. सोप्रानो या भागात हेड व्हॉइस (वरच्या सुरांचा हलका आवाज) खाली आणते. स्वरयंत्र खाली, तोंडात उभी जागा, स्वर गोल. पॉप आणि ब्रॉडवेचं बेल्टिंग, म्हणजे हाक मारल्यासारखं भरदार गाणं, नेमक्या याच सुरांवर चेस्ट व्हॉइस (बोलण्यासारखा खालचा, जाड आवाज) वर नेतं. स्वरतंतू जाडसर राहतात, दर कंपनात जास्त वेळ मिटलेले असतात, स्वरयंत्र थोडं वर येतं, तोंड आडवं उघडतं. सूर तोच, पण स्नायूंचं काम वेगळं. म्हणून वरच्या सुरांत सहज फिरणारी मुलगी पॉपमधल्या साध्या ओळीवर पोकळ, घुमल्यासारखी ऐकू येते आणि तो पोकळपणा झाकायला श्वासाचा दाब वाढवते. इथेच घसा बसतो.

उपाय गाण्याआधी बोलण्यातून येतो. लांबच्या माणसाला हाक मारतो तसं ‘अगं ए!’ म्हणायचं. त्याच तोंडाने, त्याच चढ्या स्वरात पांढरी चारवर ‘ए’ आणि ‘ॲ’ लावायचा, मग अर्ध्या अर्ध्या सुराने वर. पहिले तीन महिने काळी पाचच्या पुढे जायचं नाही. दर सुरावर पाच-सहा हाका पुरे. एकूण पंधरा मिनिटं, एक दिवसाआड, तेही नेहमीचा वॉर्मअप झाल्यावर. ज्या दिवशी मोठी आरिया (ऑपेरातलं एकल गाणं) आहे त्या दिवशी हे नको. शेवटी पाण्याच्या पेल्यात स्ट्रॉ दोन-तीन सेंटिमीटर बुडवून तीन मिनिटं बुडबुडे काढत आवाज खालीवर फिरवायचा, म्हणजे स्वरतंतूंवरचा ताण उतरतो. हे बेल्टिंग शिकवणाऱ्या शिक्षकासमोरच सुरू करा. शास्त्रीय शिकवणाऱ्या प्रत्येकाला ते येतंच असं नाही, आणि त्यात त्यांचा कमीपणाही नाही.

आणखी एक खोड व्हायब्रेटोची, म्हणजे सुरातल्या बारीक हेलकाव्याची. पॉपमध्ये सूर आधी सरळ लागतो, हेलकावा आला तर शेवटी. शास्त्रीय गायिका तो थांबवायला गळा आवळते. गळा आवळू नये, आवाज लहान करावा आणि ओळ बोलल्यासारखी म्हणावी. पट्टी बदलायलाही लाजू नये. ऑपेरात छापलेली पट्टी पवित्र असते, इथे गाणं गळ्याच्या मापाने कापतात.

मायक्रोफोनचं थोडक्यात. हळू ओळीला तोंडापासून तीन-चार बोटं, मोठ्या सुराला वीतभर मागे. फार जवळ गेलं की खर्ज फुगतो आणि ‘प’, ‘ब’ फटाक्यासारखे फुटतात. माइक किंचित तिरपा धरला की निम्मा त्रास जातो.

कामाच्या बाजूला हिशेब वेगळा. ऑपेरात मुख्य भूमिकेच्या दोन प्रयोगांमध्ये सहसा विश्रांतीचा दिवस असतो. ब्रॉडवे आणि लंडनच्या वेस्ट एंडला आठवड्याला आठ प्रयोग, वर संवाद आणि नाच. गळ्याची ताकद म्हणजे हा रेटा, एखादा उंच सूर नव्हे. म्युझिकलच्या ऑडिशनला अनेकदा फक्त सोळा किंवा बत्तीस बार (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक छोटा खंड) ऐकतात, त्यामुळे पियानोवादकासाठी कागद गायच्या पट्टीतच हवेत आणि कुठून कुठवर गायचं ते ठळक हवं. बायोडेटा आणि रेकॉर्डिंग दोन वेगळी ठेवा. आरियाशेजारी पॉप ऐकवलं की दोन्हीकडचे कान साशंक होतात. आणि वयाची घाई नको, सोप्रानोचा आवाज तिशीपर्यंतही पिकत असतो.

रोज सकाळी एक चाचणी. वरच्या सप्तकात अगदी बारीक, कुजबुजीइतक्या हळू आवाजात चार-पाच तुटक सूर. कोणत्या सुरापासून आधी नुसती हवा येते आणि आवाज मागून लागतो, तो सूर वहीत लिहायचा. तो सूर दोन दिवसांत एका पूर्ण सुरापेक्षा जास्त खाली आला तर स्वरतंतूंना सूज आहे असं समजून बेल्टिंग बंद. आठवडाभरात सुधारलं नाही, किंवा बोलण्यातला घोगरेपणा दोन आठवडे टिकला, तर स्ट्रोबोस्कोपी (स्वरतंतूंची कंपनं संथ करून दाखवणारी तपासणी) करणाऱ्या घशाच्या डॉक्टरकडे जा आणि ती वही सोबत न्या.