हनन्या म्हणजे कोणाचा हनन्या?

बायबलच्या जुन्या कराराबद्दल येणाऱ्या पत्रांत एकच घोळ वर्षभर फिरतो. नाव ओळखीचं निघालं की माणूसही ओळखला, असं वाचक धरून चालतात. एकट्या जखऱ्या नावाचे जवळपास तीस जण आहेत, म्हणून ही उत्तरं पुन्हा एकदा.

प्रश्न : यिर्मया संदेष्ट्याच्या मानेवरचं जू मोडणारा हनन्या आणि दानीएलाचा मित्र हनन्या एकच का?

नाही. जू मोडणारा अज्जूराचा मुलगा, गिबोनचा, आणि तो त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला. दुसऱ्याचं नाव बाबेलात शद्रख झालं.

प्रश्न : उज्जीया आणि अजऱ्या हे दोन राजे की एक?

राजा एकच. राजांच्या पुस्तकात तो बहुतेक ठिकाणी अजऱ्या आहे, ‘इतिहास’ या पुस्तकात उज्जीया. धूप जाळायला तो मंदिरात शिरला तेव्हा ऐंशी याजक घेऊन त्याला अडवणारा मुख्य याजकही अजऱ्याच. त्या प्रसंगात राजाला उज्जीया म्हटलं आहे म्हणून बरं, नाहीतर अजऱ्यानं अजऱ्याला हाकललं असं वाचावं लागलं असतं! याहून गंमत म्हणजे यहोशाफाट राजाच्या सात मुलांत दोन अजऱ्या आहेत. मूळ हिब्रूत एकाच्या नावाला शेवटी ‘हू’ जास्त लागतो, एवढाच फरक. घरात हाक कशी मारत असतील, देव जाणे.

प्रश्न : मुलीचं नाव तामार ठेवायचं आहे. सासूबाई म्हणतात नाव अपशकुनी आहे. नावांच्या एका संकेतस्थळावरही तसंच लिहिलं आहे.

तामार म्हणजे खजुराचं झाड. त्या नावाच्या तिघी आहेत. पहिली यहूदाची सून. ती आपल्यापेक्षा नीतिमान आहे, हे खुद्द यहूदानं कबूल केलं. दुसरी दाविदाची मुलगी. तिच्यावर अम्नोननं अत्याचार केला, आणि त्यात दोष अम्नोनचा आहे, नावाचा नाही. तिसरी अबशालोमची मुलगी, म्हणजे दुसरीची भाची. ती रूपवान होती, इतकंच एका ओळीत येतं. नाव आत्यावरून ठेवलं असावं, हा माझा अंदाज. अबशालोमला ते नाव अपशकुनी वाटलं नाही, एवढं नक्की. पैसे घेऊन ‘नावाचं फळ’ सांगणाऱ्यांना या तिघी वेगळ्या आहेत हेही ठाऊक नसतं. बाप्तिस्म्याआधी सासूबाईंना घेऊन पाळकांकडे जा. मी पत्रातून त्यांची समजूत काढू शकणार नाही.

प्रश्न : त्या लोकांना आडनावं नव्हती का?

नव्हती. बाप, गाव किंवा हुद्दा यांवरून माणूस ओळखायचा. कोकणातल्या बेने इस्राएलांनी, म्हणजे तिथल्या यहुद्यांनी, पुढे गावच लावलं : दिवेकर, पेणकर, रोहेकर.

प्रश्न : यशया संदेष्ट्याचा शिक्का सापडल्याचं मोबाइलवर आलं आहे. आता बायबल सिद्ध झालं, असं मंडळीत सांगू का?

थांबा. हा निरोप मला एवढ्या जणांनी पाठवला आहे की सविस्तर लिहितो.

सापडला तो शिक्का नव्हे, शिक्क्याचा ठसा. पपायरसची गुंडाळी दोरीनं बांधून वर चिकणमातीची गोळी लावायचे आणि तिच्यावर शिक्का दाबायचे. हा ठसा यरुशलेमच्या ओफेल भागातल्या उत्खननातला, जेमतेम एक सेंटीमीटरचा. पुरातत्त्वज्ञ एलात मझार यांनी २०१८ साली तो जाहीर केला. वर ‘यशयाहू’, खाली ‘नवी’ अशी अक्षरं दिसतात. ‘संदेष्टा’ या हिब्रू शब्दाच्या शेवटी ‘आलेफ’ हे अक्षर लागतं, आणि नेमकी तिथेच कड तुटलेली आहे. आलेफ असेल किंवा नसेल. नसेल तर ‘नवी’ हे बापाचं किंवा गावाचं नाव असू शकतं. ‘आमोजाचा मुलगा’ असं कुठेही नाही. इतिहास, एज्रा, नहेम्या मिळून आणखी अर्धा डझन यशया आहेत. मझार यांनीसुद्धा प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. निरोप पुढे पाठवणाऱ्यांनी तेच खाल्लं.

आता त्याच उत्खननातला, जेमतेम तीन मीटरवर सापडलेला दुसरा ठसा घ्या. त्यावर ‘हिज्कीया, आहाजाचा मुलगा, यहूदाचा राजा’ असं आहे. नाव, बाप, हुद्दा, तिन्ही जुळतात. इथे वाद उरत नाही. पुरातत्त्वज्ञ यिगाल शिलो यांना १९८२ साली यरुशलेमच्या दावीदनगर भागात एकाच घरात एक्कावन्न ठसे मिळाले. इ.स.पू. ५८६ मध्ये शहर जळलं, गुंडाळ्या राख झाल्या आणि माती मात्र भाजून पक्की झाली. त्यांत ‘शाफानाचा मुलगा गमऱ्या’ आहे. यिर्मयाचा ग्रंथ मंदिरात वाचला गेला तो याच नावाच्या माणसाच्या खोलीत. हुद्दा नाही, पण बाप, काळ आणि जागा जुळतात, म्हणून बहुतेक अभ्यासक मान्य करतात. बापाचं नाव नसतं तर मी मान्य केलं नसतं, कारण त्याच ग्रंथात हिल्कीयाचा मुलगा गमऱ्याही आहे. सातबाऱ्यावर नुसतं ‘गणपत’ असेल तर तुम्ही जमीन घ्याल का?

मंडळीत बोलण्याआधी हिब्रू जाणणाऱ्या कुणाला तरी ठशाचा फोटो दाखवा.

प्रश्न : मागे यरुशलेमला एका दुकानातून ‘बारूखाचा (यिर्मयाच्या लेखकाचा) अस्सल ठसा’ घेतला. नाव, बाप, हुद्दा सगळं जुळतं. पावती नाही. आठ महिन्यांनी शंका येते आहे.

शंका पैसे देण्याआधी यायला हवी होती. सगळं जुळतं म्हणूनच मला काळजी वाटते, कारण तीन गोष्टींचा नियम नकली माल करणाऱ्यालाही पाठ असतो. ‘नेरीयाचा मुलगा बारूख, लेखक’ असे दोन ठसे १९७० च्या दशकापासून बाजारातून पुढे आले. पुस्तकांत छापले गेले, आणि प्रयोगशाळेत तपासल्यावर ते बनावट असल्याचा निष्कर्ष निघाला. ते कुणाच्याही उत्खननात सापडले नव्हते. शिवाय इस्राएलातून पुरावस्तू बाहेर न्यायला तिथल्या पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी लागते. म्हणजे वस्तू खरी असेल तर अडचण आणि खोटी असेल तर नुकसान. विकू नका, धुऊ नका, आधी वकिलाशी बोला.

प्रश्न : मंदिर आणि वेदी यांच्यामध्ये मारलेला जखऱ्या कोण? उद्याच उपदेश आहे.

असे प्रश्न शनिवारीच का येतात? नव्या करारात मत्तय त्याला ‘बरेख्याचा मुलगा’ म्हणतो, पण बरेख्याचा मुलगा म्हणजे ज्याच्या नावाचं पुस्तक आहे तो संदेष्टा, आणि त्याचा असा खून झाल्याचं जुन्या करारात नाही. मंदिराच्या अंगणात दगडांनी मारला गेला तो यहोयादाचा मुलगा, योवाश राजाच्या हुकमावरून. इतिहास हे हिब्रू क्रमात शेवटचं पुस्तक, म्हणून ‘हाबेलापासून जखऱ्यापर्यंत’ हे तिथले येशूचे शब्द म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत, असा बहुतेकांचा अर्थ. मत्तयात बापाचं नाव कसं आलं यावर मतं अनेक आहेत. सिनाय हस्तलिखितात, म्हणजे बायबलच्या एका जुन्या प्रतीत, मुळात ते नव्हतंच. एका रात्रीत हे सुटणार नाही. पुढच्या आठवड्यात टीकाग्रंथ घेऊन पाळकांबरोबर बसा. उद्या नुसतं ‘जखऱ्या’ म्हणा. लूकानंही तेवढंच म्हटलं आहे.