वाचकांचे प्रश्न : प्रमाणपत्र नाही, तबेल्यात काम मिळेल?

प्रश्न : घोड्यांसोबत काम करायचं आहे. अभ्यासक्रम केलेला नाही, घरात कधी घोडा नव्हता. सुरुवात कुठून करू?

लिदीपासून. ५०० किलोचा घोडा दिवसाला १५ ते २० किलो लीद टाकतो, त्याच्या खाली पसरलेलं, भिजलेलं पेंढ्या-भुश्याचं अंथरूण वेगळं. वीस घोड्यांच्या तबेल्यात हा ढीग रोज उपसावा लागतो आणि त्यासाठी कुणी पदविका मागत नाही. माणूस रोज वेळेवर येईल का, एवढंच बघतात.

हंगाम बघून विचारा. पैदाशीच्या फार्मवर घोड्या विण्याच्या दिवसांत माणसं कमी पडतात. घोडी साधारण ११ महिने गाभण असते आणि बहुधा रात्रीच विते, म्हणून रात्रीची राखण करणारा लागतोच. वीण करवणं हे तुमचं काम नाही. ठरलेल्या वेळी फेरी मारायची आणि घोडीला घाम सुटला, तिची ऊठबस सुरू झाली की जाणत्याला उठवायचं. रपेट शिकवणाऱ्या शाळांना सुट्टीच्या दिवशी जादा हात हवे असतात. दुसऱ्यांचे घोडे सांभाळणाऱ्या तबेल्यांत तर सकाळची माणसं सतत बदलत असतात.

फोनपेक्षा प्रत्यक्ष जाणं बरं, पण चंदीच्या, म्हणजे घोड्यांच्या दाण्याच्या, वेळी नको. सकाळची कामं उरकू द्या. पायात बंद बूट हवेत. फाटक जसं होतं तसंच ठेवा. विचारल्याशिवाय कुठल्याही घोड्याला हात लावू नका, खाऊ तर मुळीच घालू नका.

प्रश्न : एका तबेल्याने एक सकाळ काम करून दाखवायला बोलावलंय. काय बघतील?

आधी ठाण, म्हणजे घोडा बांधायची जागा, साफ करायला देतील. घोडा बाहेर काढा, हातगाडी दाराशी लावा. वरची लीद काट्याने (लांब दांड्याच्या, दातांच्या फावड्याने) उचला, सुकं अंथरूण भिंतीकडे सारा, मग मधली ओली जागा खरवडून काढा. नवखा माणूस इथेच चुकतो: सगळंच गाडीत भरतो. निम्मं चांगलं अंथरूण उकिरड्यावर गेलेलं मालकाला लांबूनही दिसतं. ओलं मागे राहिलं तर अमोनियाचा वास येतो, पण तो उभ्याने कळत नाही. खाली बसून, निजलेल्या घोड्याचं नाक जिथे येईल तिथे वास घ्या. काटा ठाणात विसरू नका.

मग घोडा धरायला देतील. समोरून नाही, मागूनही नाही, डाव्या खांद्याच्या बाजूने जा. अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं त्याला दिसत नाही. जाताना बोलत जा. मोहरकीची (घोड्याच्या तोंडावरच्या पट्ट्यांची) दोरी हाताभोवती गुंडाळायची नाही, घड्या घालून मुठीत धरायची. घोडा बुजून उधळला तर गुंडाळलेली दोरी बोटं घेऊन जाते. बांधताना एका ओढीत सुटणारी गाठ मारा.

खूर साफ करताना शेपटीकडे तोंड करून उभे राहा, खांद्यावरून हात खाली सरकवत न्या आणि पाय उचला. खुरातली घाण काढायचा हूक टाचेकडून पुढच्या टोकाकडे चालवा. तळव्यातला व्ही आकाराचा मऊ भाग टोचू नका. त्याच्या कडेच्या खाचांत काळा, कुजका वास येणारा चिकटा दिसला तर लगेच सांगा. गुडघे टेकून बसायचं नाही, कधीच.

खरी परीक्षा घोड्याला कुंपणाच्या आत मोकळं सोडताना होते. पुष्कळ जण फाटकातूनच मोहरकी काढतात, घोडा आनंदाने उसळतो आणि मागचे पाय छातीला लागतात. आत जा, घोडा वळवून त्याचं तोंड फाटकाकडे करा, मोहरकी काढा, मागे सरा. त्याला निघायला आधी वळावं लागतं. तेवढा वेळ तुम्हाला पुरतो.

प्रश्न : घोड्यावर बसता येत नाही. अडेल का?

मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्याच्या, कामात नाही. शर्यतीच्या घोड्यांना व्यायाम देण्यासाठी मात्र स्वारी पक्की लागते आणि वजनही कमी लागतं. नालबंदीकडे ओढा असेल तर आधी कायदा बघा. ब्रिटनमध्ये १९७५च्या कायद्यानुसार नोंदणी नसलेल्याने नाल ठोकणं गुन्हा आहे. इतरत्र नियम वेगळे असतात.

प्रश्न : मालक म्हणतात, पगार नाही, बदल्यात घोडेस्वारी शिकवू. घ्यावं का?

एक सकाळ फुकट करायला हरकत नाही. महिनाभर फुकट राबणं आम्हाला पटत नाही. अदलाबदलच करायची तर कागदावर आणा: आठवड्याला किती तास काम, किती तास स्वारी, सुट्टी कधी, आणि लाथ बसली तर दवाखान्याचा खर्च कोणाचा. शेवटच्या मुद्द्यावर मालक घुटमळले तर दुसरा तबेला बघा. तोंडी ठरलेली स्वारी पाऊस, पाहुणे आणि लंगडा घोडा यांत हमखास बुडते.

प्रश्न : सहा महिने लीदच उपसतोय. घोडे हातात कधी देतील?

तुम्ही काही बिघडलेलं सगळ्यांच्या आधी ओळखाल तेव्हा. काटा उचलण्याआधी बघून घ्या: काल किती पाणी प्यायला, वैरण उरली का, लीद नेहमीइतकी आहे का. रात्रभरात लीदच नाही आणि घोडा पाय खरवडतोय, कुशीकडे वळून बघतोय, लोळतोय, तर तो पोटशूळ असू शकतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे थांबून बघण्यात वेळ घालवू नका. समोरची वैरण काढा, मालकांना कळवा, डॉक्टरांना बोलवायला सांगा. स्वतःहून औषध पाजू नका.

शांत उभ्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, अंगाचं तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस. परवानगी घेऊन तुमच्या ओळीतल्या प्रत्येक घोड्याचे आकडे आठवडाभर वहीत टिपा. पुढे दुसरीकडे काम मागायला जाल तेव्हा किती घोडे, किती महिने, कोणती कामं हे त्याच वहीवरून सांगता येईल, आणि सोबत आधीच्या मालकांचं दोन ओळींचं पत्र असेल तर पदविकेची आठवण सहसा कुणी काढत नाही.