आबाजी आठवतात, आबाजींना आपण नाही

दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून विचारणा आली आहे. आजोबांचं वर्षश्राद्ध जवळ आलंय, चौकात फ्लेक्स लावायचाय. नातवाने मजकूर लिहून दिला, 'आबाजी, तुम्ही रोज आठवता.' फ्लेक्सवाल्याने तो परस्पर 'आम्ही आबाजींना रोज आठवतो' असा केला आणि वर ऐकवलं की छापायचं मराठी असंच असतं. नातू म्हणतो, कानाला खटकतं, पण का ते सांगता येत नाही. शिवाय नावाआधी कै. लिहायचं की स्व., आणि श्रद्धांजली की आदरांजली, हेही त्याला हवं आहे.

पोरा, तुझा कान शाबूत आहे. फ्लेक्सवाल्याला म्हणावं, होतं तसं ठेव.

'आम्ही आबाजींना आठवतो' याचा मराठीत सरळ अर्थ, आबाजींना आमची आठवण येते. शाळासोबती तीस वर्षांनी बाजारात भेटला की आपण विचारतो, 'मी तुला आठवतो का रे?' तिथे डोकं खाजवायचं काम त्याचं असतं, आपलं नाही. म्हणजे ज्या माणसाला जाऊन वर्ष झालं, त्याच्यावरच आठवायचं काम टाकून आपण चौकात हात जोडून मोकळे. हल्ली हे सगळीकडे चाललंय. 'आजीला आठवताना' असं शीर्षक दिसलं की मी पुढचं वाचतच नाही. आजीला काय आठवत होतं बुवा? मिसरीची डबी कुठे ठेवली ते?

'मला भूक लागते', 'मला थंडी वाजते', 'मला स्वप्न पडतं.' यातलं एकही काम मी करत नाही, ते आपण होऊन माझ्याकडे येतं. आठवणं याच पंगतीत बसतं. क्रियापद कोणामागून चालतं ते बघा. मला आजी आठवते, आजोबा आठवतात, आजीचं लुगडं आठवतं, तिच्या पाटल्या आठवतात. आठवणारी बाई आहे की बुवा, एकटी आहे की दहाजण, याच्याशी क्रियापदाला काही देणंघेणं नाही. अशा वाक्यात कर्ता कोणाला म्हणायचं यावर व्याकरणकारांनी पानंच्या पानं खर्चली आहेत. मला विचाराल तर आजी. ती येते. मी नुसता घरी असतो.

खोड आली हिंदीतून. 'दादी को याद करता हूँ' याचं कुणीतरी शब्दाला शब्द मांडून मराठी केलं आणि ते पसरलं. आता लगेच कुणी म्हणेल, विदर्भाला हिंदी काय नवी? नाहीच. १९५६ पर्यंत आपण आधी मध्यप्रांत-वऱ्हाडात आणि मग मध्य प्रदेशात होतो, हिंदी आणि मराठी एकाच कचेरीत नांदत होत्या. पण आमच्या म्हाताऱ्या माणसांनी शब्द घेतला, घडण नाही घेतली. माझी आजी 'मले आबाजी आठोतेत' म्हणे, तशीच 'मले त्याहिची याद येते' असंही म्हणे. याद फारसी, पण वाक्य अस्सल वऱ्हाडी. येणारे आबाजीच, आणि 'मले' आपलं ओसरीवर बसलेलं. 'मी त्याहिले याद करतो' असं तिच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही. (याच यादेची मराठीत यादी झाली. आठवणीसाठी लिहून ठेवायचा कागद म्हणजे याद, आणि आता ती किराण्याच्या दुकानात तूरडाळ, गूळ, साबण मोजत बसली आहे. आठवणीचं शेवटी काय होतं बघा.)

आता ज्यासाठी मी हे लिहायला बसलो ते सांगतो.

'आठवण' आली कुठून? माझं मत पक्कं आहे, कोशवाले काय म्हणायचं ते म्हणोत. संस्कृतात स्था म्हणजे उभं राहणं. प्रयोजक केलं की स्थापय, उभं करणं. प्राकृतात 'स्थ'चा 'ठ' होतो, म्हणून स्थान असतं तिथे आपलं ठाणं असतं, आणि नुसत्या स्थापयचं झालं ठेवणं. आता त्याच्याआधी एकेक उपसर्ग लावत चला. उत्थापय म्हणजे वर उभं करणं: उठवणे. प्रस्थापय म्हणजे पुढे लावून देणं: पाठवणे. संस्थापय म्हणजे एकत्र करून ठेवणं: साठवणे. जुन्या छापील मराठीत हा शब्द 'सांठवणे' असा सापडतो. तो टिंब म्हणजे 'सम्'चा उरलेला पाय होता. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, त्यात तोही गेला. मला तेव्हाचं काही कळत नव्हतं, पण आज वाईट वाटतं.

तीन भाऊ झाले. चौथा कोण? आ म्हणजे इकडे, आपल्याकडे. आस्थापय म्हणजे इकडे आणून उभं करणं. अट्ठव, आठव, आठवणे. पाठवणे आणि आठवणे एकमेकांकडे तोंड करून उभे आहेत, कुणाच्या लक्षात येत नाही इतकंच. माणसाला तिरडीवरून पाठवतो तेव्हा 'प्र' लागतो. तो दुपारी जेवताना वरणात लिंबू पिळायच्या वेळी समोर येऊन उभा राहतो तेव्हा 'आ'. आणि या आठवचं संस्कृतात राहून गेलेलं सख्खं भावंड कोण? आस्था. तोच आ, तोच स्था. ज्याची आस्था तो आठवतो. मला हे पहिल्यांदा सुचलं तेव्हा मी शेतात ओलित करत होतो. पाणी दुसऱ्या सरीत फोडायचं विसरलो आणि बांध वाहून गेला.

हे मी तालुक्याच्या वाचनालयात सांगितलं तर तिथले एक निवृत्त गुरुजी, ज्यांचा शब्द आमच्याकडे शेवटचा मानतात, ते मान हलवून म्हणाले, छे, आठवण आली 'आठ'वरून. मन आठ दिशांना धावतं ती आठवण. गुरुजी, मग साठवण आली साठवरून? कणगीत साठ पायल्या ज्वारी मावली की साठवण, एकसष्टावी पडली की नाही? आणि पाठवणं पाठीवरून, कारण जाणाऱ्याची पाठ दिसते? ते म्हणाले, तसंही असेल. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

गुरुजींची चूक कुठे झाली ते मात्र कळतं, आणि ते समजून घेण्यासारखं आहे. अष्टचं प्राकृतात अट्ठ होतं, अस्थीचं अट्ठि होतं, आणि आस्थाचा आ त्या जोडाक्षरापुढे आखडला की तोही तिथेच येऊन बसतो. तिन्ही वाटा एका फाट्यावर मिळतात आणि पुन्हा वेगळ्या निघतात. आठ हा आकडा, फणसाची आठळी, आणि आठव. आठळी म्हणजे फळाचं हाड. दिसायला सारखे, म्हणून एका घरचे होत नाहीत. दारव्ह्याच्या बाजारात सगळेच पांढऱ्या टोपीत असतात.

गुरुजींचा दुसरा वार जरा जोराचा होता. समर्थांनी 'शिवराजास आठवावे' म्हटलंय, तिथे शिवराजाला 'स' लागला की नाही? लागला. मग 'आबाजींना आठवतो' का नको? कारण आठवणं जाणूनबुजून करायचंही असतं, 'किल्ली कुठे ठेवली ते आठव' म्हणतो तसं. समर्थ सांगताहेत की अमुक कर. तिथे कोणी कोणाला आठवायचं यात गोंधळ नाही, सांगणारा समोर आहे, ऐकणारा समोर आहे. तो 'मी' वाक्यात आणून उभा करा, 'मी शिवराजास आठवतो', की झाला घोटाळा. महाराजांनी मला कुठे पाहिलं? आणि दुसरं, मुद्दाम आठवावं लागतं ते किल्लीसाठी. आजोबांसाठी नातवाला असा आदेश काढावा लागत असेल तर फ्लेक्स लावूच नये.

अक्षय तृतीयेला आमच्याकडे पितरांची घागर असते. आजी ती मांडायची तेव्हा मी लहानपणी बघत बसायचो. पाटाखाली गव्हाची रास, वर पाण्याने भरलेली नवी मातीची घागर, तोंडावर खरबूज, बाजूला चिंचोणीची वाटी आणि कुरडया. निखाऱ्यावर तूप सोडून ती एकेक नाव घ्यायची. सासऱ्याचं नाव घेताना पदर सारखा करायची. ते जाऊन तिचं अर्धं आयुष्य झालं होतं, तरी पदर. मला तेव्हा वाटायचं पणजोबा खरंच भिंतीला टेकून उभे असतील, नाहीतर म्हातारी कोणासमोर एवढी सावरते? आता वाटतं, घागर मांडणं, कलश स्थापणं आणि आठवणं यांत वेगळं काय आहे? सगळी त्या एका स्था धातूचीच कामं. यावर गुरुजी काय म्हणतील ते मला माहीत आहे, म्हणून त्यांना सांगितलं नाही.

ते उलटं वाक्य मी आयुष्यात एकदाच बरोबर वापरलं आहे. आजी शेवटची दोन वर्षं माणसं विसरत गेली. आधी सुना, मग गाव, मग मुलगेही. माझ्या बापाला 'भाऊ, तुमी कोनाचे?' असं अदबीने विचारायची आणि तो उत्तर द्यायचा. मी गेलो की मला तलाठी समजून सातबाराचं बोलायची. एका दुपारी मी तिला ताटात वरण-भात कालवून देत होतो. तिने माझ्या हाताकडे बघितलं, मग तोंडाकडे, आणि म्हणाली, 'तू लहान्याचा ना रे? तुले वरनातली मिरची लागते.' घास तिने खाल्ला, आणि पाच मिनिटांनी मी पुन्हा तलाठी. पण घरी येऊन मी बायकोला सांगितलं ते हेच, 'आज मी आजीला आठवलो.' बघा, व्याकरण अगदी चोख आहे. आठवलं तिला, तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो तो मी. त्यानंतर तीन महिन्यांत ती गेली. आता मी तिला आठवत नाही, ती मला आठवते. 'ला' कोणाला लावायचा हे कळायला एवढं पुरे.

राहिलं तुझं बाकीचं. कै. म्हणजे कैलासवासी, स्व. म्हणजे स्वर्गवासी. आबाजी कुठे गेले ते तुझ्या घरचे जाणोत. गळ्यात माळ होती, पंढरीची वारी करत होते, तर दोन्ही सोड आणि वै. लिही, वैकुंठवासी. वारकऱ्याला कैलासावर पाठवून काय करशील, थंडी वाजेल त्याला. तुमच्या शेजारच्या बौद्ध घरी कुणी गेलं तर पत्रिकेवर यातलं काहीच नसतं, 'जलदान विधी व पुण्यानुमोदन' असतं. त्या घरासाठी कधी मजकूर करायची वेळ आली तर तोच शब्द ठेव. सुंदर शब्द आहे, गेलेल्याच्या पुण्यात आपला आनंद मिसळणं. माझ्या मते श्रद्धांजलीपेक्षा सरस.

आदरांजलीचं काय करायचं ते कर, पण श्रद्धांजली 'देऊ' नकोस. अंजली म्हणजे ओंजळ, ती वाहतात. देतात ती उधारी. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला माणसं ४ वाजून ५८ मिनिटांनी, १९६८ साली महाराज गेले त्या घटकेला, आहेत तिथे उभी राहतात. त्या वेळी कोणी काही देत नाही, वाहत नाही, बोलतही नाही, म्हणून कोणाचं क्रियापदही चुकत नाही.

आणि फ्लेक्सच्या खाली 'शोकाकुल' म्हणून गॉगल घातलेले अठ्ठावीस फोटो येणारच असतील, तर निदान आबाजींचा त्या सगळ्यांपेक्षा मोठा ठेव.