कंसातली ओळ

प्रिय ताई,

तुमचं चार पानी पत्र दोनदा वाचलं. धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया, नऊ वर्षं त्यावरची ओलान्झापिन ही गोळी चालू. भास थांबलेत, पण तो दिवसभर लोळतो, सिगरेटी ओढतो, घरात काडी इकडची तिकडे करत नाही. त्याला कामाला कसं लावू, असं विचारलंत.

ते राहू द्या. तिसऱ्या पानावर तुम्ही कंसात लिहिलंय: (जिना चढताना मधेच बसतो, छाती धरतो, थोड्या वेळाने उठतो. नेहमीची नाटकं.) शेजारणीलाही तो तसाच एकटा बसलेला दिसला होता म्हणे. नाटक करणाऱ्याला प्रेक्षक लागतो, ताई.

चढताना छातीत दुखणं आणि बसल्यावर थांबणं ही हृदयाची तक्रार असू शकते. दर वर्षी पँट मोठ्या मापाची घ्यावी लागते, असं तुम्हीच कुरकुरलात. या गोळीने भूक खवळते, वजन, साखर, कोलेस्टेरॉल वाढतं. वर सिगरेट. तीव्र मानसिक आजार असलेली माणसं इतरांपेक्षा साधारण 10 ते 20 वर्षं आधी जातात, आणि त्याला मोठं कारण हृदयविकार. त्यांचं दुखणं लोकांना मनाचेच खेळ वाटतात. कधी कधी डॉक्टरांनाही वाटतात, मग तुम्हाला एकटीला काय बोलायचं! पण बोलतेय.

उद्याच त्याला फिजिशियनकडे न्या. मानसोपचाराच्या पुढच्या तारखेची वाट बघू नका. ईसीजी, रक्तदाब, उपाशीपोटी साखर, लिपिड म्हणजे रक्तातली चरबी, सगळं होऊ द्या. बसूनही दुखणं थांबलं नाही किंवा दरदरून घाम फुटला, तर उद्याही नको, तडक इमर्जन्सीत. डॉक्टरांना आधी जिन्याचं सांगा, स्किझोफ्रेनियाचं त्यानंतर. लपवू मात्र नका, गोळ्यांची चिठ्ठी बरोबर ठेवा.

गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. बदलायची का, ते मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील. सिगरेट सोडवायची आहेच, पण त्यांना आधी कळवून: तंबाखूच्या धुरामुळे हे औषध शरीरातून लवकर निघून जातं, त्यामुळे सिगरेट सुटली की त्याच डोसने रक्तातलं औषध वाढतं.

कामाचं नंतर बघू. रिपोर्ट आले की लिहा, आणि या वेळी कंस नकोत.